ग्रीस न लावता चालणारा बुश थ्रीडी प्रिंटरवर कसा काढायचा

आपल्या काळ्या मातीत ग्रीस सगळ्याच जागी कामाचं नाही, हे आधी पक्कं करा अन मग पुढचं वाचा. पेरणी यंत्राचं चाक, त्याचा बियाणं मोजून सोडणारा मीटरिंग शाफ्ट (दांडा), टोकण यंत्राचा आस, डवऱ्याचं चाक, हे सगळं जमिनीपासून हातभर उंचीवर धुळीत फिरते. तिथं ग्रीस भरलं की माती येऊन चिकटते आणि दोन्ही मिळून जो काळा लगदा होतो तो पॉलिश पेपरसारखा शाफ्ट घासत बसतो, म्हणजे आपण ग्रीस भरून झीज वाढवून राहिलो. खताच्या पेटीजवळ तर अजूनच बेकार, युरिया ओल धरते, डीएपी धरते, बॉल बेअरिंग टाकलं तर पावसाळ्यात गंजून जाम. अशा हळू फिरणाऱ्या, कमी वजनाच्या, धुळीच्या जागी कोरडाच चालणारा प्लास्टिकचा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळीसारखी कडी) बरा, आणि तो आता तालुक्याच्या ठिकाणी प्रिंट करून मिळू शकतो. लेथवर गनमेटलचा बुश काढून घेणं वाईट नाही, पण त्यालाही तेल-ग्रीस लागतेच, अन लागलं की धूळ आलीच.

खाली मी मीटरिंग शाफ्टचा बुश धरून सांगतो, २० मिमी शाफ्ट. तुमच्या यंत्राचं माप वेगळं असलं तरी रीत तीच.

कोरडा बुश घासून जात कसा नाही

याच्या प्लास्टिकमध्ये आधीच सुकं वंगण मिसळलेलं असते. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई, ग्रॅफाइट, किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइड, ज्याला दुकानदार नुसतं मॉली म्हणतो. ग्रॅफाइट आणि मॉलीची बांधणीच पातळ थरांची असते, थर एकमेकांवरून सहज सरकतात. टेफ्लॉन तर चिकटतच नाही कशाला. शाफ्ट फिरायला लागला की बुशच्या आतल्या भिंतीवरून अगदी बारीक कण निघतात आणि शाफ्टवर पातळ लेप बसतो. त्यानंतर खरं म्हणजे लोखंडावर प्लास्टिक घासतच नाही, लेपावर प्लास्टिक घासते, आणि लेप झिजला की बुश नवीन कण देतो. पूर्ण जाडीभर वंगण मिसळलेलं असल्यामुळे बुश झिजला तरी आत तेच सापडते, वरून दिलेल्या कोटिंगसारखं एकदा निघालं की संपलं असं होत नाही.

टेफ्लॉन १९३८ मध्ये अमेरिकेत रॉय प्लंकेट या केमिस्टला अपघाताने सापडलं, गॅसचे प्रयोग करता करता. कुणी म्हणेल मग नुसत्या टेफ्लॉनचाच बुश प्रिंट करू, तर ते होत नाही. टेफ्लॉन ३२७ डिग्रीला वितळते खरं, पण वितळूनही ते इतकं घट्ट राहते की प्रिंटरच्या तोंडातून, म्हणजे नोझलमधून, वाहतच नाही. शिवाय नुसतं टेफ्लॉन मऊ, वजन आलं की हळूहळू दबते. म्हणून नायलॉनसारख्या दणकट प्लास्टिकमध्ये त्याची पावडर मिसळून फिलामेंट, म्हणजे प्रिंटरला लागणारी प्लास्टिकची तार, बनवतात.

ग्रॅफाइटचं एक लक्षात ठेवा. त्याला हवेतली थोडी वाफ लागते, पूर्ण कोरड्या हवेत किंवा निर्वात जागी ते नीट काम करत नाही, आपल्याकडे तो प्रश्न येत नाही. पण ओल, खत आणि लोखंड एकत्र असेल तिथं ग्रॅफाइटमुळे लोखंड लवकर गंजते. म्हणून खताच्या पेटीसाठी मी टेफ्लॉनवालं फिलामेंटच घ्या म्हणेन.

प्रिंटरला हात लावायच्या आधी कागदावर हिशेब

हा भाग लोक सोडून देतात आणि मग बुश वितळला म्हणून प्लास्टिकला शिव्या देतात. प्लास्टिकच्या बुशला दोन गोष्टी मारतात, दाब आणि वेग, आणि दोन्हींचा गुणाकार पाहायचा असतो. त्याला पीव्ही म्हणतात.

दाब काढायला बुशवर येणारं वजन न्यूटनमध्ये घ्या (किलोला १० ने गुणलं की झालं) आणि त्याला शाफ्टचा व्यास गुणिले बुशची लांबी, दोन्ही मिमीमध्ये, याने भागा. उत्तर मेगापास्कलमध्ये येते. वेग काढायला ३.१४ गुणिले व्यास गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले ६०,०००, उत्तर मीटर प्रति सेकंद.

आपला मीटरिंग शाफ्ट घ्या. यंत्राचं चाक साधारण ४०० मिमी व्यासाचं आणि ट्रॅक्टर ताशी ४ किलोमीटरने चालला तर चाक मिनिटाला ५० च्या आसपास फेरे मारते, शाफ्टही तेवढाच फिरतो असं धरू. वजन आणि चेनची ओढ मिळून ३० किलो, म्हणजे ३०० न्यूटन. बुश २५ मिमी लांब. दाब झाला ३०० भागिले ५००, म्हणजे ०.६. वेग झाला ०.०५ च्या थोडा वर. गुणाकार ०.०३ च्या आसपास. कोरड्या साध्या नायलॉनची हद्द पुस्तकात ०.१ च्या जवळपास देतात, पण ती साच्यातून काढलेल्या भरीव मालाची. प्रिंट केलेल्या बुशसाठी त्याच्या निम्म्यावर थांबायचं, म्हणजे ०.०५. आपण ०.०३ वर आहोत, चालते.

आता तोच बुश पीटीओच्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागून यंत्र फिरवणाऱ्या, शाफ्टवर टाकायचा विचार करा. ३५ मिमी शाफ्ट, ५४० आरपीएम, वेगच झाला जवळपास १ मीटर सेकंदाला. ५० किलो वजन आणि ४० मिमी लांबी धरली तर दाब ०.३६, गुणाकारही ०.३६ च्या घरात. काही मिनिटांत बुश तापून मऊ होईल आणि शाफ्टला चिकटेल. तिथं बेअरिंगच पाहिजे, वाद नको.

फिलामेंट कोणतं

पीएलए, म्हणजे प्रिंटरचं साधं नेहमीचं प्लास्टिक, नको. पीएलए ६० डिग्रीच्या आसपास मऊ पडते, आणि मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे सावलीतच पारा ४५ च्या वर जातो, उन्हात उभ्या असलेल्या यंत्राच्या लोखंडाला तर हात लावता येत नाही. पण माप जुळवायला पीएलएचा नमुना काढून पाहणं स्वस्त पडते, ते जरूर करा. पीईटीजी उष्णता थोडी जास्त सोसते पण घसरायला चांगलं नाही, चिकट चालते आणि लवकर झिजते.

नायलॉन हा खरा कामाचा माणूस. चिवट, धक्का सोसणारं, झीज कमी. त्यात टेफ्लॉन किंवा मॉली मिसळलेलं मिळालं तर उत्तम. यापलीकडे खास बुशसाठीच बनवलेली फिलामेंटं येतात, जर्मनीच्या इगस कंपनीची इग्लिडूर या नावाने येतात ती त्यातली माहितीतली. साध्या नायलॉनपेक्षा महाग आहेत, पण एका बुशला फिलामेंट काही ग्रॅमच लागते, त्यामुळे चार-पाच कास्तकारांनी मिळून एक रीळ घेतलं तर परवडते. त्यांच्यातही प्रत्येक प्रकाराची तापमानाची हद्द वेगळी असते, डेटाशीटवर ती ओळ पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

ग्लास फायबर भरलेलं नायलॉन मजबूत म्हणून कोणी गळ्यात मारेल, ते बुशसाठी घेऊ नका. काचेचे तंतू साध्या माइल्ड स्टीलच्या शाफ्टला खरवडतात, बुश शाबूत राहतो अन शाफ्ट जातो. पेन्सिलीचं शिसं कुटून ग्रॅफाइट म्हणून वापरायचा सल्लाही फिरत असतो, त्या शिशात चिकणमाती मिसळलेली असते, तीच घासते.

नायलॉन आणि आपला पावसाळा

नायलॉन हवेतलं पाणी पिते. नायलॉन ६ पुरतं भिजलं तर वजनाच्या ९ टक्क्यांपर्यंत पाणी धरू शकते, नायलॉन १२ दीड टक्क्याच्या आसपासच थांबते. पाणी पिऊन ते फुगते, आणि बाहेरून लोखंडी हाउसिंगमध्ये (बुश बसतो त्या घरात) आवळलेला बुश बाहेर फुगू शकत नाही म्हणून आत फुगतो. म्हणजे एप्रिलच्या कोरड्या हवेत मस्त फिरणारा बुश जुलैमध्ये शाफ्टला धरून बसतो, अन ते कळते कधी, तर वावरात पेरणी चालू असताना. यावर उपाय तीन. मिळालं तर नायलॉन १२ घ्या. भिंत पातळ ठेवा, २ ते ३ मिमी बस, जितकी जाड तितकी फुगेल, आणि पातळ भिंतीतून उष्णताही लवकर बाहेर जाते. तिसरं म्हणजे फट पुरेशी ठेवा. बुश फिट केल्यावर २० मिमी शाफ्टला ०.१५ ते ०.२ मिमी फट नायलॉन १२ ला ठीक आहे, नायलॉन ६ असेल तर ०.३ पर्यंत जा. लेथवाले भाऊ म्हणतील की एवढी ढिली फट कशी चालेल, गनमेटलच्या हिशेबाने त्यांचं बरोबर आहे, प्लास्टिक गरमीनेही फुगते आणि पाण्यानेही, त्याला जागा लागते.

प्रिंट करायच्या आधी फिलामेंट सुकवणं तर सक्तीचं. ७० ते ८० डिग्रीला ८ ते १२ तास. ओलं फिलामेंट नोझलमधून निघताना तडतड आवाज करते, बुडबुडे येतात आणि बुश भुसभुशीत होतो. स्वयंपाकाचा ओव्हन यासाठी वापरू नका. आणि ज्या खोलीत प्रिंटर आहे तिथं कूलर लावू नका. उन्हाळ्यात आपल्याकडे सगळ्यांच्या घरी कूलर चालू असतो, त्याची ओली हवा फिलामेंटलाही खराब करते आणि थंड झोत लागून बुशचे कोपरेही उचलले जातात.

डिझाइन आणि प्रिंट

बुश उभा प्रिंट करायचा, म्हणजे भोक आकाशाकडे. असं केलं की थरांच्या रेषा शाफ्टच्या फिरण्याच्या दिशेने येतात. आडवा काढला तर भोक गोल येत नाही आणि थर शाफ्टला आडवे लागतात.

दोन्ही टोकांना आतून-बाहेरून १ मिमी उतार द्या म्हणजे ठोकताना कड तुटत नाही. एका बाजूला कॉलर ठेवा, बुश आत सरकत नाही आणि शाफ्ट बाजूला सरकला तरी लोखंड लोखंडाला लागत नाही. बाहेरचा व्यास हाउसिंगच्या भोकापेक्षा ०.१ ते ०.१५ मिमी मोठा ठेवा, ठोकून बसेल. पण जेवढा आवळला तेवढंच आतलं भोक बारीक होते हे विसरू नका, फट मोजायची ती बुश बसवल्यानंतरची.

एफडीएम, म्हणजे तार वितळवून थरावर थर चढवणाऱ्या, प्रिंटरवर भोकं नेहमी थोडी बारीक येतात, आणि किती बारीक हे प्रत्येक प्रिंटरचं वेगळं. म्हणून आधी २०.२, २०.३, २०.४, २०.५ अशा भोकाच्या ५ मिमी उंचीच्या रिंगा त्याच फिलामेंटमध्ये काढा, रिंगा प्रत्यक्ष हाउसिंगमध्ये बसवून शाफ्ट फिरवून पाहा, आणि मग पूर्ण बुश काढा.

शिवणीकडे बहुतेक लोक लक्षच देत नाहीत. प्रत्येक थर जिथं सुरू होतो आणि संपतो तिथं एक बारीक उंचवटा येतो, त्याला स्लायसरमध्ये (डिझाइनचे थर पाडणारं सॉफ्टवेअर) सीम म्हणतात. तो रँडम ठेवला तर सगळ्या भोकभर पुटकुळ्या. अलाइन करून एका रेषेत आणा, कॉलरवर त्या रेषेची खूण करा, आणि बसवताना ती रेषा वजन येत नाही त्या बाजूला ठेवा. अजून चांगलं करायचं तर त्या जागी भोकात १ मिमी खोल उभी खाच काढा, शिवण खाचेत जाते आणि आत आलेली माती बाहेर पडायलाही तीच खाच कामी येते. अशा तीन-चार खाचा दिल्या तरी चालते.

इन्फिल (आतली पोकळ जाळी) वगैरे नको, पूर्ण भरीव, सगळ्या भिंतीच भिंती. लेअर ०.१५ ते ०.२ मिमी, वेग ३० ते ४० मिमी सेकंदाला, पंखा बंद किंवा नावापुरता, प्रिंटरवर बंद डबा, बेडवर (ज्या पाट्यावर प्रिंट होते त्यावर) ग्लू स्टिक. नायलॉनला नोझल २५० ते २७० डिग्री लागते म्हणून हॉटएंड (फिलामेंट वितळवणारा भाग) पूर्ण धातूचा पाहिजे. स्वस्त प्रिंटरमध्ये टेफ्लॉनची नळी थेट नोझलपर्यंत जाते, ती २४० च्या वर तापवली की विषारी धूर सोडायला लागते. या धुराने पाखरं तर मरतात, घरात पिंजऱ्यात पोपट असेल किंवा बाजूला कोंबड्यांचा खुराडा असेल तर प्रिंटर तिथं ठेवूच नका, आणि खोलीची खिडकी उघडी ठेवा. टेफ्लॉन मिसळलेल्या फिलामेंटलाही हेच लागू, पाकिटावर लिहिलेल्या तापमानाच्या वर जायचं नाही.

लाईटचा भरवसा नसेल तर छोटा यूपीएस लावा. प्रिंट अर्ध्यात थांबून परत चालू झाला तरी नायलॉनचा तो थर नीट चिकटत नाही, बुश तिथूनच दोन तुकडे होतो. घरी प्रिंटर नसेल तर पॉलिटेक्निक किंवा इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये विचारा. बऱ्याच शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब आहेत, तिथंही प्रिंटर असतो, पोरं आणि सर दोघंही खुशीने मदत करतात, पण तिथं सहसा पीएलएच चालते म्हणून नमुन्यापुरतं तिथं आणि नायलॉनचं काम मोठ्या प्रिंटरवर.

शाफ्ट हा अर्धा बुश आहे

नवीन बुश जुन्या गंजक्या शाफ्टवर चढवणं म्हणजे बुश फेकून देणं. गंजाचे खड्डे बुशला कानससारखे खातात आणि लेप बसूच देत नाहीत. शाफ्टवर खड्डे असतील तर तेवढा तुकडा ब्राइट बारचा (तयार गुळगुळीत सळईचा) बदलून घ्या, लेथवाल्याचं फार काम नसते त्यात. नुसता वरवरचा गंज असेल तर २२० च्या एमरी पेपरने सुरू करून ४०० आणि शेवटी ६०० ने गोल गोल घासा. नखाला खरखर लागली नाही की बस. आरशासारखा चमकवायची गरज नाही, फार गुळगुळीत शाफ्टला प्लास्टिक उलट चिकटून अडखळत चालते.

बुशचं भोक मात्र एमरीने घासू नका. एमरीचे कण मऊ प्लास्टिकमध्ये रुततात आणि मग जन्मभर शाफ्ट घासत राहतात. भोक मोठं करायचंच असेल तर हाताचा रीमर हळूहळू फिरवा.

बुश बसवताना हातोडी थेट मारू नका, लाकडाचा ठोकळा ठेवून ठोका किंवा व्हाइसमध्ये दाबा. मग शाफ्ट टाकून हाताने किंवा ड्रिल मशीन लावून हळू वेगाने दहा-पंधरा मिनिटं कोरडाच फिरवा. थोडी भुकटी बाहेर पडेल, पडू द्या. शाफ्टवर मंद डाग पडल्यासारखा लेप दिसायला लागेल, तो पुसायचा नाही. ग्रीसही लावायचं नाही, सवयीने हात जातो तिकडे, पण ग्रीस लावलं की लेप बसत नाही आणि धुळीचा सगळा खेळ परत सुरू. हाउसिंगला जुनं ग्रीस निप्पल असेल तर ते काढून तिथं बोल्ट लावून टाका म्हणजे पेरणीच्या घाईत कोणी ग्रीस गन लावणार नाही.

तेल पिणारा बुश, घरातल्या कामांसाठी

दुसरा एक प्रकार आहे, बुशच्या आत तेलाचा साठा. ही कल्पना जुनी, टेबल फॅन आणि मिक्सरमध्ये जो पितळी रंगाचा बुश असतो तो कांस्याची पावडर दाबून-भाजून केलेला, त्यात अंदाजे पाचव्या हिश्शाइतकी बारीक भोकं आणि त्यात तेल. शाफ्ट फिरला की तेल बाहेर, थांबला की परत आत. फॅक्टऱ्यांमध्ये आता लेझरने धातूची पावडर वितळवून असे सच्छिद्र बुश आणि जाळ्या बनवण्यावर काम चालू आहे, भोकं कुठं आणि किती हे हवं तसं ठेवता येते हा त्याचा फायदा, पण ती मशीन आपल्या आवाक्यातली नाही.

प्लास्टिकमध्ये मात्र तसं करता येते. भिंत ५-६ मिमी ठेवा, आतून-बाहेरून १.२ मिमी भरीव, मधात गायरॉइड (सगळीकडून जोडलेल्या पोकळीची जाळी) इन्फिल ३० ते ४० टक्के, आणि आतल्या भिंतीत १ मिमीची भोकं अशी विखरून द्या की शाफ्टचा प्रत्येक भाग कोणत्या ना कोणत्या भोकावरून जाईल. मग बुश ९० नंबरच्या गिअर ऑइलमध्ये बुडवून तेल ६०-७० डिग्रीपर्यंत गरम करा आणि तसंच बुडवलेलं थंड होऊ द्या. गरम होताना आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर निघते, थंड होताना तेल आत ओढलं जाते. उघड्या ज्योतीवर तेल तापवू नका, गरम पाण्याच्या पातेल्यात तेलाचा डबा ठेवा. टेबल फॅनचा जुना बुश सुकला असेल तर त्यालाही हीच रीत चालते, फक्त तिथं पातळ तेल घ्या.

हा पोकळ बुश कमजोर असतो आणि तेलाला धूळ चिकटतेच, म्हणून तो वावरात नाही. शिलाई मशीनचं पायडल, कडबा कटरच्या हँडलची बाजू, गोडाऊनची ट्रॉली, अशा झाकल्या किंवा सावलीतल्या जागी ठीक.

इथं लावायचा नाही

हडंब्याचा (मळणी यंत्राचा) ड्रम, पीटीओ, ट्रॅक्टरचा हब, स्टिअरिंग, ब्रेक, ट्रॉलीचा हुक, जिथं बुश तुटला तर माणसाला लागू शकते अशी कोणतीही जागा. पिठाच्या चक्कीत आणि डाळ मिलमध्ये धान्याला लागेल असाही नको, झिजलेले कण खाण्यात जातात.

तपासणी

मृगाच्या आधी, मे महिन्यातच बुश बसवून रिकामं यंत्र धुऱ्यावरून चालवून पाहा. काही फेऱ्यांनंतर उतरून बुशला हात लावा. कोमट लागला तर ठीक, हात ठेवता येत नसेल तर फट कमी आहे किंवा शाफ्ट वाकडा आहे. हंगाम संपल्यावर शाफ्ट वर-खाली हलवून पाहा. झीज वजनाच्या बाजूलाच होते, त्यामुळे हललं तरी लगेच फेकू नका, बुश काढून झिजलेली बाजू वजनाखालून निघेल असा थोडा फिरवून बसवला की अजून चालतो, फक्त शिवण वजनाखाली येऊ देऊ नका. अर्ध्या मिमीच्या वर हलायला लागला की बदला, नाहीतर चेन उड्या मारायला लागते अन बियाणं कमी-जास्त पडते. प्रत्येक मापाचे दोन बुश जास्तीचे काढून हवाबंद डब्यात ठेवा, आणि भोकाचं माप, बाहेरचं माप, फिलामेंटचं नाव हे यंत्राच्या पेटीच्या झाकणाला आतून पेंटने लिहून ठेवा, फाईल मोबाईलमध्ये आणि मेलवर दोन्हीकडे.